हद्दीपलीकडची स्वस्त वीज

विजेची गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षा स्वस्त पडते, हे आडोळ गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि तरीही गेल्या महिन्यात विजेच्या गाडीचा खर्च आला चौदा हजार चाळीस रुपये. त्याआधीच्या महिन्यात पेट्रोलच्या जुन्या जीपचा आला होता अकरा हजार दोनशे बत्तीस. रस्ता तोच, मैदान तेच, मुली त्याच सात आणि ड्रायव्हरही तोच. मग स्वस्त गाडी महाग झाली कशी?

गोष्ट आजपासून थोड्या वर्षांनंतरची आहे. त्यामुळे यातले भाव आजच्या भावांशी ताडून पाहत बसू नका. ते त्या वर्षाचे आहेत. आडोळ मात्र तेव्हाही होतं तिथंच, कर्नाटकच्या हद्दीपासून जवळ, आणि तेव्हाही तिथले लोक फुटबॉलवरून भांडत होते.

या भांडणात अलीकडे मुलीही सामील झाल्या होत्या. राजनंदिनी मगदूम, म्हणजे नंदू, ही आडोळच्या मुलींच्या संघाची गोलरक्षक. वय तेरा, हात लांब, जीभ त्याहून लांब. रविवार सोडून रोज दुपारी शाळा सुटली की सात मुली तालुक्याच्या मैदानावर सरावाला जात. मैदान पंचवीस किलोमीटरवर, आणि एसटी तिथं पोहोचायची ती नेमकी सराव संपताना. म्हणून नंदूचे चुलते सर्जेआप्पा त्यांना आपल्या जीपमधून न्यायचे. जीपचं वय संपलं आणि सरकारी नियमाप्रमाणे ती भंगारात गेली. तेव्हा तालुक्यातल्या एका वाहन संस्थेनं मुलींना विजेवर चालणारी व्हॅन दिली, पण महिनाभराच्या बोलीवर. खर्च जीपपेक्षा कमी आला तर व्हॅन पालकांनी ठेवायची, नाहीतर परत करायची.

खर्चाची वही नंदूच्या बाबांकडे होती. मंगळवारी रात्री जेवताना त्यांनी आकडा सांगितला आणि नंदूनं हातातला घास ताटात ठेवला.

"म्हणजे व्हॅन परत जाणार?"

"रविवारी पालकांची बैठक आहे. पण आकडा आकडा असतो, नंदू. मी तरी काय करू?"

जिल्ह्याच्या संघाची निवड महिन्यावर आली होती. व्हॅन गेली की सराव गेला, सराव गेला की निवड गेली. नंदूला त्या रात्री भाकरी गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी बुधवार, आडोळचा बाजार. बाजारात त्या दिवशी सगळे व्यापारी कसे सुतासारखे सरळ वागत होते, कारण मापाडी आला होता. मापाडी म्हणजे वजनमापं तपासणारा यंत्रमानव. उंचीला शाळेच्या बाकाएवढा, तीन चाकं, एक लांब हात आणि पोटात पितळी वजनांचा खण. सरकारदरबारी त्याचं नाव म्हणजे बारा आकडी क्रमांक होता. पूर्वी बाजारात धान्य मापून देणाऱ्या माणसाला मापाडी म्हणत, तेच नाव लोकांनी याला चिकटवलं. तराजू, पेट्रोलपंप, चार्जिंगचे खांब, सगळ्यांची मापं तो तपासायचा, आणि लाच म्हणून दिलेल्या जिलबीचंसुद्धा वजन करून परत द्यायचा.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, म्हणून नंदूनं त्याला सकाळीच कांद्याच्या ढिगापाशी गाठलं.

"मापाडीदादा, वीज स्वस्त की पेट्रोल?"

"प्रश्न अपुरा आहे," मापाडी तराजूवरून नजर न काढता म्हणाला.

"अपुरा कसा? हद्दीपलीकडच्या पंपावर पेट्रोल एकशे बारा रुपये लिटर आहे. तिथंच वीज तीस रुपये युनिट. तीस म्हणजे एकशे बारापेक्षा कमीच की!"

"ती बाई शेंगा किलोवर विकते आहे आणि तो माणूस अंडी डझनावर. स्वस्त काय?"

नंदूनं आधी शेंगांकडे पाहिलं, मग अंड्यांकडे. ती म्हणाली, "किलोची आणि डझनाची तुलना कशी करणार? पोट कशानं किती भरतं, ते बघायला पाहिजे."

मापाडीच्या कपाळावरचा हिरवा दिवा लागला. खूश झाला की तो लागायचा. "बरोबर. लिटर हे पेट्रोलचं माप. युनिट हे विजेचं माप (एक हजार वॅटची शेगडी तासभर चालली की जेवढी वीज खर्च होते, तेवढी म्हणजे एक युनिट). दोन्हींची तुलना करायची तर आधी माप एक करा. गाडी कशासाठी घेतात?"

"जाण्यासाठी."

"मग एक किलोमीटर जायला किती रुपये, हे तुमचं माप. तुमची जीप एका लिटरमध्ये किती जायची?"

"चौदा किलोमीटर. आप्पा सगळ्यांना ऐकवायचे."

"एकशे बाराला चौदानं भाग."

"आठ. किलोमीटरला आठ रुपये."

"व्हॅन?"

ते मात्र नंदूला माहीत नव्हतं. तिनं मापाडीला घरी चलायला सांगितलं. तपासणी संपल्याशिवाय तो हलेना, म्हणून ती कांद्यांच्या शेजारी तासभर बसून राहिली आणि मग दोघं मगदुमांच्या गोठ्यापाशी आली. तिथं व्हॅन उभी होती. सर्जेआप्पा गावात गेले होते.

मापाडीनं व्हॅनच्या खिडकीतून हात आत घातला आणि तिच्या स्मृतियंत्राला (झालेल्या फेऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या छोट्या पेटीला) बोट टेकवलं.

"महिन्यात चारशे अडुसष्ट युनिट वीज भरली. प्रत्येक युनिट तीस रुपयांनी."

नंदूनं हातावरच गुणाकार केला. "चौदा हजार चाळीस! बाबांचा आकडा बरोबर आहे."

"किलोमीटर किती झाले?"

"जाऊन-येऊन पन्नास, सव्वीस दिवस, म्हणजे तेराशे."

"मोजले का?"

"मोजायचं काय त्यात? माहीतच आहे."

"जे मोजलं नाही ते माप नव्हे," मापाडी म्हणाला. हे वाक्य तो दिवसातून पन्नासदा म्हणत असावा, कारण ते म्हणताना त्याचा आवाज किंचित कंटाळलेला वाटला.

नंदू आत डोकावली. व्हॅन घेताना करारावर लिहिलेला किलोमीटरचा आकडा होता चारशे दहा. आता समोर दिसत होते दोन हजार सातशे पन्नास. वजाबाकी आली दोन हजार तीनशे चाळीस. तिनं दोनदा करून पाहिली.

"हजारभर किलोमीटर जास्त! कुठं गेली ही गाडी?"

"हे माझ्याकडे आहे, पण आधी भागाकार पूर्ण कर."

दोन हजार तीनशे चाळीस किलोमीटर, चारशे अडुसष्ट युनिट. म्हणजे एका युनिटला पाच किलोमीटर. तीस रुपयांत पाच किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला सहा रुपये.

"जीपपेक्षा दोनच रुपये कमी? मला वाटलं खूप कमी असेल."

"कारण तुम्ही सर्वांत महाग वीज घेता," मापाडी म्हणाला. "हमरस्त्यावरचं ते जलद चार्जिंग. अर्ध्यापाऊण तासात बॅटरी भरायची तर मोठं रोहित्र (विजेचा दाब कमीजास्त करणारं यंत्र) लागतं, जाड तारा लागतात, जागेचं भाडं, राखणदार. तो सगळा खर्च त्या तीस रुपयांत असतो. घरी रात्रभर हळूहळू भरलेल्या विजेला यातलं काहीच लागत नाही. तुमच्याकडे गाडीसाठी वेगळं मीटर आहे ना?"

होतं. व्हॅनबरोबरच संस्थेनं ते गोठ्याच्या भिंतीवर बसवून दिलं होतं. महिनाभर त्यावर सर्जेआप्पांची टोपी टांगलेली असायची.

"त्याचा दर आठ रुपये युनिट," मापाडी म्हणाला. "मैदानाच्या फेरीला दहा युनिट लागतात. पण भिंतीतून बॅटरीत जाताना थोडी वीज उष्णतेत वाया जाते, म्हणून अकरा धर."

"अकरा आठे अठ्ठ्याऐंशी." नंदूचे डोळे विस्फारले. "अख्ख्या दिवसाचे अठ्ठ्याऐंशी रुपये? म्हणजे किलोमीटरला..."

"एक रुपया शहात्तर पैसे. पावणेदोनच म्हण."

नंदू मटकन गव्हाणीच्या कडेवर बसली. आठ, सहा आणि पावणेदोन! गाडी तीच, आणि वीज कुठं भरली एवढ्यानं इतका फरक?

"पण वीज इतकी कमी कशी पुरते?" तिनं विचारलं.

"एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. जीपचं इंजिन त्यातली बरीचशी नुसती गरम होण्यात घालवतं. तू जीपच्या टपावर... क्षमस्व, त्याला बॉनेट म्हणतात, तिथं कधी हात ठेवला आहेस का?"

"चटका बसतो."

"तो चटका तुम्ही पैसे देऊन विकत घेत होता. मोटार (वीज वापरून चाक फिरवणारं यंत्र) फारशी तापत नाही. त्यामुळे नऊ युनिटांत जीप जाते चौदा किलोमीटर आणि व्हॅन जाते पंचेचाळीस."

"म्हणजे जगात सगळीकडे वीजच स्वस्त!" नंदूनं जाहीर करून टाकलं.

मापाडीचा दिवा लाल झाला. "मोजलं का? माझ्यासारखे मापाडी बऱ्याच ठिकाणी आहेत आणि आम्ही एकमेकांना मापं कळवतो. एक आहे एका बेटावर. तिथं नदी नाही, धरण नाही. वीज करायला डिझेल जहाजानं आणतात. घरची वीजच पंचेचाळीस रुपये युनिट."

"पंचेचाळीस भागिले पाच, नऊ रुपये किलोमीटर."

"आणि पेट्रोल तिथं एकशे सव्वीस."

"भागिले चौदा... तेही नऊ! सारखंच!"

"दुसरा आहे जमिनीतून तेल निघणाऱ्या एका देशात. पेट्रोल बेचाळीस रुपये लिटर."

"तीन रुपये किलोमीटर. तिथं जलद चार्जिंगवाला तोट्यात जाईल, पण घरी भरणारा कदाचित जाणार नाही." नंदूला आता मजा येऊ लागली होती. "आणि आपल्याकडे? हद्दीच्या अलीकडे पेट्रोल एकशे एकोणीस, पलीकडे एकशे बारा. हे कशामुळे?"

"प्रत्येक राज्य पेट्रोलवर आपापला कर लावतं. विजेचे दरही प्रत्येक राज्य आपापले ठरवतं. म्हणून भाव जागेप्रमाणे बदलतो. पण अलीकडच्या आणि पलीकडच्या पेट्रोलमध्ये किलोमीटरला फरक किती?"

एकशे एकोणीस भागिले चौदा, साडेआठ. "फक्त पन्नास पैसे."

"आणि तिथं जायला लागणारे किलोमीटर कुणी मोजतं का?" मापाडी म्हणाला आणि त्यानं व्हॅनच्या पडद्यावर रोजची वाट दाखवली. आडोळ ते मैदान. मुली उतरल्या. मैदान ते हद्दीपलीकडचा चार्जिंगचा खांब, वीस किलोमीटर. परत मैदान, वीस किलोमीटर. मग घर. सोमवारी तसंच, मंगळवारी तसंच, सव्वीसच्या सव्वीस दिवस.

नंदूच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. व्हॅन आप्पा चालवत होते.

आता सर्जेआप्पांबद्दल थोडं सांगायला हवं. वीस वर्षं त्यांनी गाडी चालवली आणि वीस वर्षांत हद्दीच्या अलीकडे पेट्रोलचा एक थेंब भरला नाही. नुसते तेच नाही, त्या पट्ट्यातले सगळेच गाडीवाले तसं करायचे. पण आप्पांना त्याचा अभिमान होता. 'आपण न्हाई बाबा पैसं उडवत' असं ते मिशीवरून हात फिरवत म्हणायचे. जीप होती तेव्हा महिन्यातून दोन-तीनदाच जावं लागे. टाकी कधीही अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही, तळाचा गाळ इंजिनात जातो, हा त्यांचा दुसरा नियम. तो त्यांनी बॅटरीलाही लावला. बॅटरीत कसला आलाय गाळ! पण नव्वद किलोमीटर झाले की काटा अर्ध्यावर यायचा, की आप्पांची गाडी निघाली दुसऱ्या दिवशी पलीकडे.

आणि याच आप्पांनी, चड्डी घालून फुटबॉल खेळणाऱ्या पोरींना सगळा गाव हसत होता तेव्हा, जीपचं दार उघडून "बसा गं, कोण काय म्हंतंय बगतो मी" असं म्हटलं होतं. नंदूला ते आठवलं आणि तिला रडूच आलं.

"मी काय करू?" तिनं मापाडीला विचारलं.

"मी मापतो. ठरवत नाही," मापाडी म्हणाला आणि पुढच्या गावच्या बाजाराला निघून गेला.

गुरुवारी नंदूनं धीर करून आप्पांना गोठ्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. आप्पा ऐकत गेले तसतशी त्यांची मान ताठ होत गेली.

"पलीकडं वीज स्वस्त हाय का न्हाई? अलीकडच्या खांबावर तेहतीस, तिकडं तीस. सांग, हाय का न्हाई?"

"आहे, आप्पा. पण घरी आठ..."

"घरात गाडी लावायची? ती काय मोबाईल हाय व्हय? आणि आता तू शिकवणार मला गाडी?"

त्यांनी मीटरवरची टोपी काढली, डोक्यावर ठेवली आणि ते चालते झाले. शुक्रवारी, शनिवारी व्हॅनमध्ये कुणीच गाणी म्हटली नाहीत. आप्पा नंदूशी एक अक्षर बोलले नाहीत.

रविवारी संध्याकाळी समाजमंदिरात सातही घरचे पालक जमले. आप्पा मागच्या भिंतीला टेकून उभे होते. बाबांनी वही उघडून दोन्ही आकडे वाचले. सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"मग द्यायची परत," बाबा जड आवाजात म्हणाले.

"थांबा!" नंदू उठली. गोलरक्षकाला उभं राहायची सवय असते. तिनं फळ्यावर लिहिलं: एका किलोमीटरला किती? मग खाली तीन आकडे मांडले, जीपचे आठ, जलद चार्जिंगचे सहा, घरच्या विजेचे पावणेदोन. लिटर आणि युनिट का ताडता येत नाहीत, चटका कुठून येतो, बेटावर काय होतं, सगळं सांगितलं. पालकांनी माना डोलावल्या.

हीनाची आई, मुल्लाणीकाकू, हिशेबाला पक्की. ती म्हणाली, "पोरी, पटलं. पण सहा रुपये म्हणजे आठपेक्षा कमीच. मग महिन्याचा आकडा मोठा कसा आला? फेऱ्या तर तेवढ्याच."

उत्तर नंदूच्या जिभेवर होतं. ते सांगितलं तर व्हॅन राहणार होती. पण सात घरांच्या देखत आप्पांचं नाव घ्यायला तिची जीभ रेटेना. ती खडूकडे बघत उभी राहिली.

"ते... किलोमीटर थोडे जास्त..." ती पुटपुटली.

"चाळीस," मागून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. सर्जेआप्पांनी टोपी काढून हातात घेतली होती.

"रोजचं चाळीस जास्त. माझं. स्वस्त वीज आणायला हद्दीपलीकडं जात हुतो. पोरीनं सांगितलं गुरुवारी, तर मीच फुगून बसलो. काल रातच्याला कागद घिऊन गणित केलं. युनिटला तीन रुपयं वाचवायला रोज दोनशे चाळीस घालवलं, बाबांनू. वीस वर्सं शहाणा म्हणून फिरलो."

मग मुल्लाणीकाकूला हसू आवरेना. "सर्जेरावभाऊ, आमचे हे अजून भरतात हो पलीकडे पेट्रोल!" आणि मग एकेकानं कबूल केलं, की आपणही जातो, मागच्या आठवड्यातच गेलो होतो. सगळं समाजमंदिर हसायला लागलं आणि सर्वांत मोठ्यानं आप्पाच हसत होते. बाबांनी वहीत लिहिलं: व्हॅन ठेवायची, वीज घरी भरायची. नंदू धावत जाऊन आप्पांना बिलगली.

"बोलली न्हाईस माझं नाव," आप्पा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले. "बोलायचं हुतंस. खरं ते खरं."

सोमवारी व्हॅन घरच्या विजेवर भरून निघाली. मुली मैदानावर उतरल्या आणि आप्पांपुढे प्रश्न पडला, की आता दोन तास करायचं काय? शेवटी ते गोलच्या मागे दगडावर जाऊन बसले. इतके दिवस ते गोलरक्षकाला मैदानावर पोहोचवत होते, पण सराव संपेपर्यंत एकतर जीपमध्ये झोप काढायचे, नाहीतर हद्दीपलीकडे जायचे. तिला खेळताना त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. हीनानं लांबून जोरात चेंडू हाणला, नंदूनं उजवीकडे झेप घेतली आणि बोटांच्या टोकांनी तो बाहेर ढकलला. आप्पा उडी मारून उभे राहिले आणि "आउट!" म्हणून ओरडले. फुटबॉलमध्ये असं कुणी ओरडत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

"रोज असं अडवतीस व्हय गं?" परतताना त्यांनी विचारलं.

"रोज."

धनगरमाळाचा फाटा आला तशी आप्पांनी गाडी हळू केली. माळावरच्या दोन मुली रोज इथं उभ्या राहून व्हॅन जाताना बघायच्या. आजही होत्या.

"वस्ती आत दोन किलोमीटर," आप्पा स्वतःशीच म्हणाले. "आणायला चार, सोडायला चार. आठ. पावणेदोननं आठ किती, नंदू? थांब, सांगू नकोस." त्यांनी बोटांवर मोजलं. "चौदा रुपयं. चौदा रुपयांत दोन पोरी खेळायला येतील की गं!"

आणि त्यांनी धनगरमाळाच्या बाजूचा दिवा लावून गाडी वळवली.